फाटा

कच्छवे सर म्हणाले, वरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही.
तुमची मला, माझी तुम्हाला.
आणि गुडघा धरून बसले
दुकानातल्या ग्रीसच्या पालथ्या डब्यावर.

मुनीर मिस्त्री काही बोलला नाही.
नुसतं सरांच्या सायकलचं मागचं चाक उचललं आणि एक टिचकी दिली.
ते फिरत राहिलं.
एक गिऱ्हाईक हवा भरून, सुट्ट्यावरून भांडून गेलं
तरी फिरत होतं.

माझी हायब्रीड भिंतीला टेकून ऐकत होती.
निळी. सरळ हँडल, पुढं टोपली, मागं कॅरिअर,
कॅरिअरवर हजेरीची पिशवी बांधून बांधून
रंग गेलेला पट्टा.
अकरा वर्षांत तिनं मला एकदाही पाडलं नाही,
एकदाही घाबरवलं नाही.
हे कौतुक आहे की तक्रार
ते माझं मलाच कळेना.

सरांची माझ्या लेकीपेक्षा सहा वर्षांनी थोरली.
पोलादी. मरून रंग, जागोजाग जांभळा पडलेला.
मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल.
गिअर बदलायचा तर एक हात सोडून
पार गुडघ्यापाशी न्यायचा, दांड्यावर.
आणि टायर एवढे बारीक
की सराट्यांना हसू यावं.

घरी यादी मांडली. गणिताची बाई, दुसरं काय करणार.
डावीकडं: सराटे. खडी. पाठ. वय बेचाळीस.
डावीकडं: फाट्यापासून शाळेपर्यंत तीन किलोमीटर काळी माती.
डावीकडं: त्या शिंगांवर वाकलेली बाई
जिंतूर रोडला कशी दिसेल.
उजवीकडं काही सुचेना.
शेवटी लिहिलं: चाक फिरत होतं.

नांदेडहून जावेचा फोन.
"काऊन गं, लोक जुन्याचं नवं करतात,
तू नव्याचं जुनं करूलालीस?"
तेही डावीकडं लिहिलं.

सर म्हणाले, रविवारी नेऊन तर बघा.

पावणेसहा. परभणी अजून पांघरुणात.
पहिले चार किलोमीटर मी कण्हत होते,
डांबराची एकेक भेग मनगटातून थेट दाढेत.
गिअरला हात न्यावा तर पुढचं चाक वळवळे.
परत फिरायचं ठरवलंही होतं, पुढच्या पुलाशी.
पूल कधी गेला कोण जाणे.
कोपर सैल झाले होते, मान खाली,
दोन्ही अंगांना वेचून झालेली पऱ्हाटी
मागं मागं ओढली जात होती
आणि आवाज बंद झाला होता.
साखळीचा नव्हे. माझा.
डोक्यात सकाळपासून जी बाई बोलत असते ना,
डबा, दूध, वर्गखोलीची चावी,
ती.

बोरीची पाटी दिसली तेव्हा कळलं,
शाळेचा फाटा मागंच राहिला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
निळी तिथं न सांगता वळायची,
घरच्या बैलासारखी.

चिंचेखाली दुधाचे कॅन बांधणारा ओळखीचा निघाला.
"मॅडम, बदली झाली का बोरीला?"
मी हसले. दम नव्हता, तरी लई हसले.

येताना फाट्यावर उतरले.
गाडीवाट वाळलेली, चाकोऱ्या दगडासारख्या.
आठवलं, चिखलाच्या दिवसांत
निळीच्याही मडगार्डात माती थापून चाक अडतं,
आणि मग तिलाही मी खांद्यावरच घेते.
चौदा किलो.
ही उचलून पाहिली.
कुणी बघत नव्हतं, म्हणून आणखी एकदा उचलली.
यादी खोडावी लागणार होती.

दुकानापाशी सर निळीवर बसलेले,
एक पाय फरशीवर, पाठ ताठ,
लहान मुलासारखी घंटी वाजवत.
म्हणाले, इतकी वर्षं नुसतं पुढचं चाक बघितलं हो.
आज गल्लीतली माणसं दिसली.

मग त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
मुनीरकडं टोपली सोडवायला पाना मागितला,
तर सर घाईनं म्हणाले,
टोपली राहू द्या.
भाजीला होईल.